बिनदातांचं सूप

"पाणी आहे नुसतं. गरम पाणी. कोंबडी शेजारून चालत गेली असेल, तेवढीच चव."

सासऱ्यांनी हे कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. वाडग्यात तोंड घालून वाडग्यालाच सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षरही कळलं नसतं, कारण त्यांची कवळी शेजारच्या वाटीत पाण्यात पडली होती आणि शब्द हिरड्यांवरून घसरून सूपमध्येच बुडत होते. पण समोर बसलेल्या सुनेचा अर्धा जन्म बिनदातांच्या माणसांत गेला होता. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती मुख्य कारागीर होती. तिथे तिला सगळे कवळीबाई म्हणत, आणि असली पुटपुट तिला स्पष्ट ऐकू येई.

"मीठ देऊ का बाबा, चिमूटभर?"

सासऱ्यांनी हात हलवून नको म्हटलं. मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून मीठ, तेल, तूप सगळ्यालाच डॉक्टरांनी आळा घातला होता. त्यावर तोडगा म्हणून कवळीबाईने हे सूप शोधून काढलं होतं. चिकन, मशरूम, नूडल्स. पटकन होतं, पोटाला हलकं, आणि अंगात काहीतरी गेल्याचं समाधान. आठवड्यातून एखाद्या वेळी व्हायचं. या आठवड्यात मात्र सोमवारपासून सासरेबुवा रोज सकाळी, ती चपला घालत असताना विचारत, "रात्री ते सूपच कर, काय?" आणि रोज रात्री त्याच सूपला नावं ठेवत.

कवळीबाईने आपला वाडगा ढवळला. तिला एक गोष्ट बोलायची होती. सोमवारपासूनच बोलायची होती. पण या घराचा एक अलिखित कायदा होता, आणि तो नणंदेने एकदा सुटसुटीत शब्दांत मांडला होता. कवळी बाहेर, तर विषय बाहेर. दात काढलेल्या माणसाशी गंभीर बोलायचं नाही. त्याला उत्तर देता येत नाही, आणि उत्तर देता न येणाऱ्याला गाठणं म्हणजे बांधलेल्या माणसाला चिमटे काढण्यासारखं. सासऱ्यांनी हा कायदा पहिल्यांदा वापरला तो सिगारेटवरून डॉक्टरांनी झापलं तेव्हा. मुकाट्याने कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली. डॉक्टर बोलता बोलता थांबले. तेव्हापासून ते हत्यार म्हाताऱ्याच्या हाती लागलं ते लागलंच.

आणि सूप ही तर अशी वस्तू, की तिच्यासाठी दात काढून ठेवायला कुणाची हरकत नाही.

वाटीतली कवळी तिच्याकडे बघून हसत होती. समोरच्या दोन दातांत बारीकशी फट. कवळीबाईने नजर वळवली आणि वाडगा उचलला.

*

ती कवळी तिनेच केलेली.

ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासऱ्यांचे पुढचे दात पडून गेले होते. चष्म्याच्या काचा घासण्याच्या धंद्यात जन्म गेलेला माणूस, दुसऱ्यांच्या डोळ्यांची काळजी घेता घेता स्वतःच्या तोंडाकडे बघायला विसरला. लग्नात ते तोंडावर रुमाल धरून हसत होते. सासूबाई तिच्या येण्याआधीच गेलेल्या. भिंतीवरच्या फोटोत त्या ओठ घट्ट मिटून बसलेल्या, फोटो काढणाऱ्यावर राग असल्यासारख्या.

म्हणजे दोघांचेही दात तिने पाहिले नव्हते. पाहिले होते ते फक्त नवऱ्याचे. त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती. नूडल्स केल्या की तो त्यातली एक त्या फटीतून सुर्रकन आत ओढून दाखवायचा. चांगला मिशा फुटलेला, लिफ्ट बसवणाऱ्या टोळीचा मुकादम, आणि जेवणाच्या टेबलावर हा उद्योग. ती म्हणायची, "लोक बघतील." तो म्हणायचा, "बघू देत. तिकीट लाव." मशरूम मात्र तोंडात धरायचा नाही. "हे खाण्यापेक्षा लिफ्टचं रबर खाईन." म्हणून मशरूम छोट्या तव्यावर वेगळं परतायचं, वेगळ्या बशीत ठेवायचं, आणि ज्याला हवं त्याने आपल्या वाडग्यात घालून घ्यायचं.

मग लांबच्या एका मोठ्या शहरात उंच इमारतींचं काम निघालं आणि तो गेला. आधी रोज फोन. मग रविवारचा फोन. मग, "इथे रेंज नसते गं." मग सणावाराला, तोही वडिलांना, तब्येत विचारण्यापुरता. मध्यंतरी नणंद काही कामाने त्या शहरात जाऊन आली. आल्यावर म्हणाली, "बरा आहे. कामात आहे." आणि हात धुवायला म्हणून आत गेली, तर बराच वेळ नळ वाहत होता. कवळीबाईने काही विचारलं नाही. त्याने तिथे दुसरं घर केलंय, हे त्या नळाच्या आवाजात तिला कळलं. सासऱ्यांनाही कळलं. तिघांनाही कळलं, आणि तिघांनीही ते तोंडात गुळणी धरल्यासारखं धरून ठेवलं. कुणी विचारलं तर घरातलं उत्तर ठरलेलं होतं. "कामावर आहे."

कवळी करायची वेळ आली ती त्यानंतर. दुखण्यातून उठल्यावर चावता येईना, म्हणून तिने सासऱ्यांच्या जबड्याचं माप घेतलं, साचा काढला, आणि कारखान्यात आपल्या टेबलावर बसून मेणात एकेक दात लावायला घेतला. हे काम हातांचं असतं. डोकं त्यात फार चालवायचं नसतं. दात मेणात टेकवायचा, गरम सुरीने कड वितळवायची, लांबून बघायचं, पुन्हा टेकवायचा. संध्याकाळी तिने साच्याचा जबडा उघडून पाहिला, तर पुढच्या दोन दातांत फट होती.

कारखान्याचे मालक म्हणजे दातांचे डॉक्टरच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "ही फट कशाला? नवे दात करतोय ना आपण? जुनं दुखणं कशाला बसवायचं?"

"घराण्याची खूण आहे, डॉक्टर," ती म्हणाली. तिला तसंच वाटलं होतं. मुलाच्या दातांत फट आहे, म्हणजे बापाच्या असणारच. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार.

सासऱ्यांनी कवळी घातली, आरशासमोर उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "बसली. झकास बसली." 'स' म्हणताना फटीतून बारीक शीळ निघाली.

तेव्हापासून रोज रात्री पाण्याच्या वाटीतून तिचा नवरा तिच्याकडे बघून हसत होता. भांडी आवरताना ती वाटीवर झाकण ठेवी. कधीकधी झाकण ठेवायला जरा उशीर करी.

*

आता या आठवड्याचं. डॉक्टरांनी दुसऱ्या गावी मोठा कारखाना काढायचं ठरवलं होतं, आणि तो तिने सांभाळावा असं त्यांचं म्हणणं होतं. वर राहायला दोन खोल्या. हाताखाली नव्या मुली, त्यांना तिने शिकवायचं.

"पुढच्या शनिवारपर्यंत सांगा बाई," डॉक्टर गेल्या शनिवारी म्हणाले होते. "तुम्ही नाही म्हणालात तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल, आणि दुसरं कुणी मला नकोय. माझी अडचण समजून घ्या."

सासऱ्यांची सोय हा प्रश्नच नव्हता. नणंद अंगणापलीकडे राहत होती, आणि बापाला आपल्याकडे राहायला चला म्हणून गेली कित्येक वर्षं मागे लागलेली. प्रश्न वेगळाच होता. पहिल्या दिवशी डॉक्टरांना काय सांगावं हे न सुचून कवळीबाई एवढंच म्हणाली होती, "घर बंद कसं ठेवू? कुणी आलं तर?"

"कोण येणारे?" डॉक्टरांनी साधेपणाने विचारलं होतं. तिच्याकडे काढून ठेवायला कवळीही नव्हती.

शुक्रवारी दुपारी एका आजीबाईंची कवळी घासताना ती त्या वरच्या दोन खोल्यांचा विचार करत होती. खिडकी कुठल्या बाजूला असेल. सकाळी ऊन येईल की संध्याकाळी. आणि आपल्याला जावंसं वाटतंय हे जाणवल्याबरोबर, चोरी पकडली गेल्यासारखी तिने मशीन बंद केली.

*

संध्याकाळी नणंद स्वयंपाकघरात आली ती मशरूमची पिशवी नाचवत. ती गाडी शिकवण्याच्या शाळेत शिकवायला होती, आणि घरातही समोरच्याच्या पायाखाली ब्रेक आहे की नाही ते बघितल्याशिवाय बोलत नसे.

"आजही सूपच?"

"बाबांची फर्माईश."

"त्यांची फर्माईश आणि त्यांचीच कुरकूर. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत आहे वहिनी तुझी." नणंदेने स्टूल ओढलं. "आज माझ्या हाताखाली एक काका होते. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवेनात. म्हटलं, काका, निघा. तर म्हणतात, मागचे लोक हॉर्न वाजवेपर्यंत खात्री वाटत नाही."

"मग?"

"मग काय, मीच वाजवला."

कवळीबाई हसली. तिने आलं-लसूण बारीक चिरून चमचाभर तेलात टाकलं. कांद्याच्या पातीचा पांढरा भाग टाकला. घरभर वास सुटला. सकाळी हाडं उकळून काढलेलं पाणी फ्रिजमध्ये होतं, ते ओतलं. चिकनच्या बोटाएवढ्या पातळ पट्ट्या कापायला घेतल्या. पातळ कापलं की लगेच शिजतं आणि हिरड्यांनाही चालतं.

"तू सांगितलंस ना त्यांना?" ती न बघताच म्हणाली. "कारखान्याचं?"

नणंदेने पिशवीची गाठ सोडली. "सोमवारी सकाळीच. तोंडातून निघून गेलं गं. मला वाटलं, तू सांगितलं असशील."

"काय म्हणाले?"

"काही नाही. कवळी काढली."

सुरी थांबली. सोमवार. त्याच दिवसापासून सूप. कवळीबाईच्या डोक्यात हिशोब जुळला तसं तिला एकदम हसू आलं. म्हाताऱ्याला सूप आवडत नव्हतं. कधीच आवडत नव्हतं. त्याला फक्त दात काढून बसायला निमित्त हवं होतं. तिने विषय काढू नये, 'बाबा, मी जाऊ का' असं विचारू नये, म्हणून बिचारा सोमवारपासून गरम पाणी पीत होता.

"म्हणजे हे ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललंय तर," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"सगळ्यांचंच."

नणंदेने ओल्या फडक्याने एकेक मशरूम पुसायला घेतलं. ते धुवायचं नाही, पाणी पितं, हे तिला वहिनीनेच शिकवलेलं. "छोटा तवा काढू?" तिने सवयीने विचारलं आणि विचारून झाल्यावर तिचाच चेहरा पडला. दोघी खुंटीवरच्या तव्याकडे बघत राहिल्या. वर्षानुवर्षं घासलेला, नुसतं मशरूम परतायला ठेवलेला तवा. घरात आता मशरूम न खाणारं कुणी नव्हतं. सासऱ्यांचा तर त्यावर जीव. तरी मशरूम वेगळंच व्हायचं, वेगळ्याच बशीत यायचं, आणि कुणीही का म्हणून विचारत नसे.

बाहेरच्या खोलीतून वाटीत काहीतरी सोडल्याचा 'डुब' असा आवाज आला. पान मांडायच्या आधीच.

"काढली," नणंद कुजबुजली.

कवळीबाईने मशरूम पुढ्यात ओढलं. रोज ती कागदासारखे पातळ काप करायची. आज एकेकाचे फक्त दोन तुकडे केले. चांगले जाडजूड. क्षणभर मूठ पातेल्यावर धरली. हे पाणी, हे चिकन, हे अजून नवऱ्याला चालण्यासारखं होतं. तो आत्ता दारात येऊन उभा राहिला असता तर त्याला वाढता आलं असतं. किती संध्याकाळी तिने हे पातेलं असं त्याच्यापुरतं जपून ठेवलं होतं, ते तिचं तिलाच आज दिसलं.

मग तिने मूठ सोडली.

"वहिनी."

"परतायला हवं होतं, मला माहीत आहे. चव जरा कमी येईल. नूडल्स दे इकडे."

नणंदेने पाकीट दिलं. नूडल्स टाकल्या, किसलेलं गाजर टाकलं. वर पातीचा हिरवा भाग, मिरपूड, शेवटी लिंबू. नणंदेने ओटा पुसला. पुसलेलाच होता.

*

सासरे टेबलापाशी हात जोडून बसल्यासारखे बसले होते. वाटी उजवीकडे, नेहमीच्या जागी. वाडगा पुढे आला तशी त्यांनी चमचा घेतला आणि बशीसाठी इकडेतिकडे बघितलं. बशी नव्हती.

त्यांनी पहिला चमचा प्यायला. दुसऱ्या चमच्यात मशरूमचा अर्धा गोटा आला. त्यांनी तो तोंडात घेतला. हिरड्यांखाली धरला, तो डावीकडे सटकला. जिभेने आणला, तो उजवीकडे गेला. एखादं खट्याळ मूल हाती लागत नाही तसा तो तोंडभर पळत होता. शेवटी त्यांनी तो चमच्यात परत घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. मग पातेल्याकडे. मग स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या खुंटीकडे. तवा कोरडा लटकत होता.

जन्मभर काचा घासलेला माणूस. डोळा एवढासाही ओरखडा सोडत नसे.

नणंद वाडग्यात बघत होती. कवळीबाई त्यांच्याकडे बघत होती. आज तिने नजर वळवली नाही.

सासऱ्यांनी वाटीत दोन बोटं घातली, कवळी काढली, पाणी झटकलं आणि तोंडात बसवली. टक्. तिने जुळवलेले वरखालचे दात, बरोबर जागच्या जागी. मशरूमचा तुकडा त्यांनी पुन्हा तोंडात घातला आणि सावकाश चावला. दुसरा घेतला. तोही चावला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"हं." अजून एक चमचा. "मशरूम सगळ्यात मिसळलं की बरं लागतं."

"हो."

"आधीच मिसळायला हवं होतं. माझंच चुकलं. मला म्हणायला हवं होतं."

नणंदेच्या वाडग्यातल्या नूडल्स फुगायला लागल्या होत्या.

"तुझ्या सासूच्या दातांत फट होती," सासरे म्हणाले. सांगायची गोष्ट दुसरीच असावी आणि ती लांबून वळसा घेऊन येत असावी, तसा त्यांचा सूर. "म्हणून फोटोत तोंड मिटून बसलीये. मी किती म्हटलं, हस, छान दिसतेस. नाही म्हणजे नाही."

कवळीबाईला आधी नीटसं कळलं नाही. "आणि तुमच्या?"

"माझे सरळ. पट्टीने आखल्यासारखे. हिला विचार."

नणंदेने वाडग्यातूनच मान हलवली.

कवळीबाईचे हात टेबलावर होते ते तसेच राहिले. मेण, गरम सुरी, ती संध्याकाळ. घराण्याची खूण, असं ती डॉक्टरांना ठासून म्हणाली होती. तिच्या बोटांनी भलत्याच माणसाचे दात भलत्याच माणसाच्या तोंडात बसवले होते, आणि हे तिघांपैकी दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? आरशात बघितलं, तर आरशात तो उभा." सासरे चमच्याने उगाच सूप ढवळू लागले. "म्हटलं, असू दे. पोरीने मनापासून केलंय. आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. घरात कुणीतरी तसं हसतंय."

"मी दुसरी करून देते. सरळ दातांची."

"दे. जायच्या आधी दे."

"मी कुठे चाललेय," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की तिलाच ते पाठ केलेलं वाटलं.

"उद्या शनिवार आहे. डॉक्टरांना हो सांग. मी अंगण ओलांडून हिच्याकडे जातो. हिच्या हातचं खातो. तिखट करते ही, पण ब्रेक लावीन मी."

नणंद हसली आणि हसता हसता तिने पदराने नाक पुसलं.

"असं कसं बाबा," कवळीबाई म्हणाली. तिला जायचं होतं. खिडकीतलं ऊनसुद्धा तिने मनात पडलेलं पाहिलं होतं. आणि तरीही तेच जुनं वाक्य जिभेवर आलं, दार लावल्याची खात्री करायला माणूस पुन्हा पुन्हा मागे फिरतो तसं. "घर बंद कसं ठेवायचं? कुणी आलं तर?"

सासऱ्यांचा हात वाटीकडे गेला. नणंदेला वाटलं, कवळी आता पुन्हा बाहेर येणार. पण त्यांनी वाटी उचलली, आतलं पाणी शेजारच्या रिकाम्या पेल्यात ओतलं आणि ती टेबलावर पालथी घातली.

"सूनबाई," ते म्हणाले, आणि 'स'वर नेहमीसारखीच बारीक शीळ वाजली. "तो येणार नाही."